शेजारच्या सीटपुढचा टॉवेल

माझे वडील पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर होते. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण खात्यात त्यांना सगळे 'कान' म्हणायचे. रस्त्यावर रहदारी सुरू व्हायच्या आधी, उजाडता उजाडता, ते हातात एक लोखंडी कांब घेऊन निघायचे. कांबेचं एक टोक जमिनीला, दुसऱ्या टोकाची पितळी चकती कानाला. खाली कुठे पाइप फुटला असेल तर पाण्याचा आवाज त्या कांबेतून वर यायचा. बाबा खडूने रस्त्यावर फुली मारायचे, मागून माणसं येऊन तिथे खणायची, आणि पाणी तिथेच निघायचं. बत्तीस वर्षांत तीन फुल्या चुकल्या. त्या तीनही तारीखवार सांगायची त्यांची तयारी असते, आपण विचारलं नाही तरी.

शेजारच्या घरातली टाकी भरून वाहायला लागली की आमच्या घरात सगळ्यात आधी बाबांना कळायचं. आईने स्वयंपाकघरातून दिलेली हाक मात्र त्यांना तिसऱ्या खेपेला ऐकू यायची. कानात काही दोष नव्हता, दोनदा तपासून झालं होतं.

निवृत्त होताना खात्याने घड्याळ देऊ केलं, तर बाबांनी ते नाकारून आपली कांब मागून घेतली. ती आता आमच्या बाहेरच्या खोलीत छत्र्यांच्या शेजारी उभी असते. आणि खाली आवारात उभी असते बाबांची गाडी. चॉकलेटी रंगाची, तेवीस वर्षांची. त्या गाडीची कहाणी सांगायची म्हणजे बुधवारपासून सुरुवात करायला हवी.

आईची थोरली बहीण, आमची मावशी, शहराबाहेर टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते. आजी लवकर गेली, त्यामुळे आईला वाढवलं ते मावशीने. तिनेच वेण्या घातल्या, तिनेच धपाटे घातले. गेल्या दोन वर्षांत मावशीची आठवण विरत गेली. आधी भाचरांची नावं गेली, मग भाचरंच गेली. मी तिसऱ्या नंबरावर गेले. 'ह्या कोण?' असं तिने माझ्याकडे बघून नर्सला विचारलं, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली आणि घरी येऊन रडले. शेवटी तिच्या जगात एकटी आई उरली.

दर बुधवारी सकाळी बाबा आईला गाडीतून वर घेऊन जायचे. आई खोलीत शिरली की मावशी तिला नखशिखान्त न्याहाळायची आणि म्हणायची, "पाय ओले करून कुठे हिंडतेस गं? पूस आधी." लहानपणी आई शाळेतून येताना वाटेतल्या ओढ्यात पाय बुडवून यायची आणि मावशी फडकं घेऊन दारात उभी असायची, ही गोष्ट आम्ही हजारदा ऐकलेली. म्हणून आम्ही समजायचो की मावशी त्या काळात जाऊन बसली आहे. आई मुकाट्याने फडकं घ्यायची आणि पाय पुसायची. बहिणीचं मन राखते, असं मला वाटायचं. मग मावशी तिला शेजारी बसवून घ्यायची आणि दोघींच्या गप्पा सुरू व्हायच्या. मधली साठ वर्षं दोघी बिनदिक्कत गाळून टाकायच्या.

मग गाडी तापायला लागली.

सपाट रस्त्यावर काही नाही. टेकडीचा चढ लागला की तापमानाचा काटा मधली खूण सोडून वर सरकायचा, आणि वरच्या वळणापर्यंत लाल पट्टीला टेकायचा. एका बुधवारी तर अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ आली आणि दोघांना परत फिरावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आईला टॅक्सीने वर नेलं. मावशीने आईला खालून वर पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?"

आई तासभर बसली. मावशीने तिला नवीन नर्स समजून उशी बदलायला लावली, खिडकी लावायला लावली, आणि जाताना 'कामाला चांगली आहेस' म्हणून शाबासकीही दिली. परतीच्या वाटेवर आई टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचा हात मी हातात घेतला, तो बर्फासारखा गार होता.

वृद्धाश्रमातल्या सिस्टरांनी निदान केलं. "त्यांना वाराची सवय झालीय हो. बुधवारी माणूस येणार, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुम्ही गुरुवारी आलात. वार चुकवू नका." पुढच्या बुधवारी बाबांनी गाडी हळूहळू दामटत वर नेली, आणि मावशी आईला बघताच म्हणाली, "पाय ओले करून कुठे हिंडतेस गं?" झालं. सिस्टरांचं म्हणणं आम्हा सगळ्यांना शंभर टक्के पटलं. एवढ्याशा पुराव्यावर बाबांच्या खात्यात कुणी फूटभर रस्ता खणू दिला नसता, पण घरच्या गोष्टीत आपण इतके काटेकोर नसतो.

म्हणजे आता सगळी मदार गाडीवर आली. मी म्हटलं, सरळ गाडी विका आणि दर बुधवारी टॅक्सी करा. बाबा दुखावले. ते दुखावणारच होते. पण आईही ठामपणे म्हणाली, "टॅक्सी नको." कधी नव्हे ते ती बाबांच्या बाजूने उभी राहिलेली पाहून मला आश्चर्य वाटलं, आणि रागही आला. शेवटी मी दोन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात गाडी सुधारली नाही तर गाडी भंगारात, आणि माझ्यासमोर कुणी तोंड उघडायचं नाही. माझा स्वभाव बाबांवर गेलाय असं आई म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

बाबांनी तपास हाती घेतला. जुन्या डायरीत रकाने आखले. तारीख, किलोमीटर, काटा कुठवर गेला, आणि सकाळी सात वाजता, इंजिन गार असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी. बॉनेटखाली एक पांढरी प्लास्टिकची टाकी असते, तीत इंजिन गार ठेवणारं हिरवट पाणी दिसतं. बाबांनी तिच्यावर पातळीच्या जागी काळी चिकटपट्टी लावली. "गाडी तापते याची कारणं दोनच," ते मला म्हणाले. "एक तर पाणी कमी पडतं, नाही तर पाणी फिरत नाही. कमी पडत असेल तर गळती. एक रेघ जरी उतरली, तरी मी गाडी महिनाभर मेकॅनिककडे टाकून सगळी नळी न् नळी उघडायला लावीन." आई तेव्हा तिथे डाळ निवडत होती.

पातळी उतरली नाही. पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्या आठवड्यात नाही. बाबा रोज सात वाजता बॉनेट उघडायचे, वाकून बघायचे, आणि वहीत 'रेघेवर' असं लिहून वर यायचे. गळती नाही हे सिद्ध झालं. "असती तर मला कळली असती," ते म्हणाले, आणि यावर कोण काय बोलणार? माणसाने बत्तीस वर्षांत फक्त तीन फुल्या चुकवलेल्या.

मग पाणी फिरत नाही, हा मुद्दा धरला. आमचा मेकॅनिक नाक्यावर बसतो. कमी बोलणारा, शांत डोक्याचा माणूस. बाबा त्याच्याकडे रोग सांगायला कधी गेलेच नाहीत, ते औषधाची चिठ्ठी घेऊनच जायचे. आधी रेडिएटरचं झाकण बदललं, कारण झाकणाचा रबर कडक झाला की दाब टिकत नाही. मग थर्मोस्टॅट बदलला. तो एक छोटा झडपेसारखा भाग असतो, पाणी तापलं की उघडतो. बाबांनी जुना थर्मोस्टॅट घरी आणून आमच्या दुधाच्या पातेल्यात उकळून पाहिला. तो व्यवस्थित उघडला. म्हणजे तो चांगलाच होता. बाबांनी वहीत 'जुना निर्दोष' असं लिहिलं आणि आईला नवीन पातेलं आणावं लागलं. मग पंख्याचा स्विच. मग रेडिएटर काढून उलट्या धारेने धुऊन घेतला. मग चालू इंजिनाच्या पंपावर ती लोखंडी कांब टेकवून बाबांनी दहा मिनिटं कान लावला, गॅरेजमधली सगळी गिऱ्हाइकं काम सोडून बघत राहिली, आणि बाबांनी निकाल दिला की बेअरिंगमध्ये खरखर आहे. पंपही बदलला.

मी एकदा मेकॅनिकला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तो हात पुसत म्हणाला, "मला वाटायची वेळच आली नाही अजून. साहेब सांगतात तसं करतो."

गाडी चढावर तापतच राहिली.

मध्येच आणखी एक उपद्रव सुरू झाला. चढावर समोरची काच आतून धुरकट व्हायला लागली, विशेषतः आईच्या बाजूला. फडक्याने पुसली तर चिकट फराटे उठायचे. बाबांनी याचंही कारण शोधून काढलं. "तू बोलतेस ना सारखी," ते आईला म्हणाले, "त्या वाफेने होतं ते."

आता हे समजून घ्यायला हवं की वृद्धाश्रमापर्यंतचा रस्ता चाळीस मिनिटांचा होता, आणि आईचं आठवड्याचं सगळं बोलणं त्या चाळीस मिनिटांत व्हायचं. घरात ती बोलायला लागली की बाबांना काहीतरी काम आठवायचं. गाडीत त्यांना उठून जाता येत नसे. तर आईने गाडीत बोलणं बंद केलं. काच धुरकटतच राहिली. बाबांनी वहीत लिहिलं, 'श्वास.'

गाडीत एक गोडसर वासही यायचा. बाबांनी आईच्या पिशवीवर संशय घेतला, तीत मावशीसाठी केळी असायची. आईने केळी न्यायची बंद केली. वास गेला नाही. टाकीतला हिरवा रंगही दिवसेंदिवस फिका पडत चालला होता. बाबांनी त्यापुढे लिहिलं, 'उन्हाने.' ती वही माझ्याकडे आहे. इतक्या सुवाच्य अक्षरात इतक्या ओळीने चुका मी दुसरीकडे कुठे पाहिलेल्या नाहीत.

मुदतीतला शेवटचा बुधवार आला, आणि मी निकाल लावायच्या तयारीने मागच्या सीटवर बसले. बाबा गाडी चालवत होते, आई त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून गप्प बसली होती. चढ लागला. काटा वर सरकायला लागला. मी पुढे वाकून काट्याकडे बघत होते, बाबा माझ्याकडे बघायचं टाळत होते. तिसऱ्या वळणावर काटा लाल पट्टीत गेला.

"हीटर लावतो," बाबा म्हणाले. "इंजिनातली उष्णता गाडीत खेचून घेतली की काटा खाली येतो. ही जुनी युक्ती आहे."

युक्ती खरीच आहे, मी नंतर विचारून घेतलं. बाबांनी हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. फुस्स असा आवाज झाला, आईच्या बाजूने दमट वाफ आली, आणि समोरची सगळी काच पांढरी झाली. पिकल्या फळासारखा गोड वास गाडीभर पसरला. बाबांनी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि मान वळवून आईकडे पाहिलं.

"मी काही बोललेले नाही," आई म्हणाली.

मेकॅनिकला स्कूटरवरून वर यायला अर्धा तास लागला. तोवर आम्ही तिघं रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसलो होतो. आई सारखी घड्याळ बघत होती. मावशीच्या खोलीपासून आम्ही फार तर दोन किलोमीटरवर होतो, पण आईच्या गुडघ्यांना तो चढ झेपणारा नव्हता. "जाऊ आपण टॅक्सीने," मी म्हटलं. ती नुसती मान हलवून नको म्हणाली, आणि मला वाटलं, काय हा हट्ट.

मेकॅनिक आला. बाबा त्याला काहीतरी सांगायला उठले, पण तो तोवर गाडीचं दार उघडून मोकळा झाला होता. बाबांची बाजू रस्त्याकडे होती आणि रहदारी चालू होती, म्हणून त्याने आईच्या बाजूचं दार उघडलं आणि हत्यारांची पेटी सीटसमोर पाय ठेवायच्या जागी ठेवली. मग बॉनेट उघडून दोन-चार नळ्या दाबून बघितल्या. पाना घ्यायला परत आला, पेटी उचलली, आणि तिच्या बुडातून पाणी गळायला लागलं.

त्याने पेटी खाली ठेवली. पायपुसणं उचललं. खाली एक टॉवेल होता, चौघडी घालून अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवलेला, आणि चिंब भिजलेला.

"हा टॉवेल कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझा," आई म्हणाली.

मेकॅनिकने टॉवेल नाकाशी नेला, मग डॅशबोर्डखाली हात घालून चाचपलं. "हीटरची जाळी," तो बाबांना म्हणाला. "इंजिनातलं गरम पाणी आत या छोट्या जाळीतून फिरतं. ती फुटलीय. आज नाही, बरेच महिने झाले. म्हणून काच चिकट होते, म्हणून वास येतो. चढावर दाब वाढला की पाणी इथे काकूंच्या पायाशी पडतं, तिकडे कमी पडतं, आणि गाडी तापते."

"शक्य नाही," बाबा म्हणाले. "पातळी कधीच उतरली नाही. माझ्याकडे रोजची नोंद आहे."

मेकॅनिक वाद घालणारा माणूस नाही. इंजिन निवल्यावर त्याने पांढऱ्या टाकीचं झाकण उघडलं, आत फडक्याचं टोक बुडवलं आणि बाबांसमोर धरलं. त्यावर रंग म्हणून नव्हता. "हे कूलंट नाही साहेब. साधं पाणी आहे."

बाबांनी ते फडकं हातात घेतलं. मग पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्यातलं थोडं पाणी प्याले, जसं ते कामावर असताना करायचे, आणि टाकीतले दोन थेंब बोटावर घेऊन त्यांचा वास घेतला. त्यांचा चेहरा बदलत गेला तो मी पाहिला. खात्याच्या पाण्यात औषध किती टाकतात हे त्यांच्या नाकाला ठाऊक होतं.

"हे आपल्या घरच्या नळाचं पाणी आहे," ते म्हणाले. "आज सकाळचं."

कठड्यावरून आई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "झाडांना पाणी घालायला सहाला खाली जाते मी. तेव्हा घालायचे. गार असतानाच झाकण उघडायचं, हे तुम्हीच शंभरदा सांगितलंय."

"किती घालायचीस?"

"एरवी दोन पेले. बाजारात जाऊन आलो की तीन. बुधवारी वर जाऊन आलो की गुरुवारी पाच."

"रोज?"

"तुमची ती काळी पट्टी होती ना, तिच्या वरच्या कडेपर्यंत."

बाबा वही उघडून बसले. चोपन्न दिवस 'रेघेवर', 'रेघेवर', 'रेघेवर'. "म्हणजे माझ्या सगळ्या नोंदी खोट्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडला होता की मला त्यांची कीव आली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला माझ्या मुदतीची लाज वाटली.

"खोट्या कशाने? पातळी रेघेवरच होती," आई म्हणाली.

मेकॅनिक तोंड वळवून नळ्या तपासायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"पण पाय भिजत होते तर सांगायचं नाही का?" बाबा चिडून म्हणाले.

"एकदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पाण्याची बाटली नीट बंद करत जा."

"मग पुन्हा सांगायचं."

"मग ताई रागवायला लागली," आई म्हणाली. "आत गेलं की आधी पायांकडेच बघते ती. मग सांगावंसं वाटेना मला. चालतंय म्हटलं ओलं."

मी ते ऐकलं, आणि खरं सांगायचं तर कानाआड केलं. मी त्या वेळी टॅक्सीचा नंबर शोधत होते. बाबा मात्र वहीत काही लिहायचं म्हणून पेन उघडून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

त्या बुधवारी वर जाणं झालंच नाही. हीटरची जाळी बदलायची म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तारा सोडाव्या लागतात, आणि तेवीस वर्षांच्या गाडीत जो स्क्रू सोडवायला जावा तो डोकं मोडून हातात येतो. नवीन जाळी मिळायला दिवस गेले. पुढचाही बुधवार हुकला. बाबा रोज गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर बसायचे. मेकॅनिक सांगत होता की एका शब्दाने त्यांनी काही सुचवलं नाही, नुसते बघत बसले. उलट चौथ्या दिवशी त्यांनी त्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा त्या बिचाऱ्याच्या हातातून पाना पडला.

मी वही चाळली तेव्हा दिसलं, की बाबांनी चोपन्न दिवसांच्या नोंदींवर काट मारली नव्हती. प्रत्येक 'रेघेवर'च्या पुढे नवीन रकाना आखून आईचे आकडे भरले होते. दोन पेले, दोन, तीन, दोन, पाच. आईला आठवून आठवून सांगायला लावलं असणार. मेकॅनिकने ते आकडे बघितले आणि म्हणाला, एवढ्या नोंदीवरून मी फोनवर सांगितलं असतं काय झालंय ते.

गाडी आली. आत नवा गालिचा, कोरडा ठणठणीत. टाकीत नवं कूलंट, गर्द हिरवं. तिसऱ्या बुधवारी आम्ही तिघं निघालो. चढ लागला, काटा मधल्या खुणेवर आला आणि तिथेच बसून राहिला. काच लख्ख होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं.

"बोल की आता," बाबा म्हणाले.

"काय बोलू?" आई म्हणाली.

ती खाली आपल्या पायांकडे बघत होती. नव्या चपला होत्या. बाबांनीच आणलेल्या, जुन्या खराब झाल्या म्हणून. मी मागे बसून मनात हिशेब करत होते, की गाडी सुधारली, वार बुधवारच आहे, आता सगळं मार्गी लागेल. बाबांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आईच्या पायांकडे पाहिलं.

मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर तिचं ते फडकं. आई दारात उभी राहिली. मावशीने तिच्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग वर तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोण हवंय तुम्हाला?" तिने विचारलं.

"दोन बुधवार चुकले ना," सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या. "वेळ लागेल आता."

आई "कुणी नाही" म्हणाली. तसंच म्हणाली, "कुणी नाही, सहज आले." आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी वळून बघितलं तर बाबा खोलीत नव्हते. मला संताप आला. आयुष्यभर जे केलं तेच आताही करायचं का, असं मनात आलं, अवघड प्रसंग आला की उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

बाबा परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन स्टीलचे पेले होते, व्हरांड्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरचे, काठोकाठ भरलेले. त्यांनी एक पेला खिडकीत ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, ते आईच्या समोर फरशीवर बसले आणि पहिला पेला तिच्या उजव्या पायावर ओतला.

"अहो, काय करताय हे," सिस्टर पुढे झाल्या. "सगळी फरशी ओली होईल."

मी त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं. बाबांनी खिडकीतला दुसरा पेला मागितला, तो मीच त्यांना दिला. त्यांनी तो डाव्या पायावर ओतला. सावकाश, नव्या चपलेसकट, बोटांमधून पाणी जाईल असा. आई खाली त्यांच्या टकलाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

खुर्ची करकरली. मावशी पुढे वाकली होती.

"पाय ओले करून कुठे हिंडतेस गं?" ती म्हणाली. "किती वेळा सांगायचं तुला?"

"चुकले ताई," आई म्हणाली.

मावशीने मांडीवरचं फडकं उचललं आणि बाबांच्या अंगावर टाकलं, कारण खाली बसलेले तेच होते. "आणि तुम्ही काय बघत बसलात? पुसा तिचे पाय."

बाबांना हे पहिल्याच खेपेला ऐकू आलं.